आधी खोड, मग फुटवे

अख्ख्या झाडीपट्टीत टीव्हीवरची मालिका कुणी कामासारखी पाहिली असेल, तर ती माझ्या साडभाऊंनी. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. उभी नोकरी आलापल्लीला सागाचे ओंडके मोजण्यात आणि त्यांच्यावर हातोड्याने ठसे मारण्यात गेली. निवृत्त होऊन मूल गावात घर बांधलं, तरी क्रम लावायची खोड गेली नाही. वर्तमानपत्राचं पाचवं पान कुणी आधी उघडलं, तर ते हातातून काढून घेत आणि घडी घालून पुन्हा पहिल्या पानापासून देत. एकदा लग्नाच्या पंगतीत वरणाआधी जिलेबी वाढली, तर हे वरण येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले. मागची पंगत त्यांच्या डोक्यावर उभी होती.

मालिका होती एका जहागीरदार घराण्याची. ती गाजली म्हणून तिच्यातल्या वकिलाची वेगळी मालिका निघाली, आणि मग पळून गेलेल्या धाकट्या मुलीची तिसरी. साडभाऊ पहिलीला खोड म्हणत आणि बाकीच्या दोघींना फुटवे. तोडलेल्या सागाच्या बुंध्यातून नवे कोंब फुटतात ना, तसे. आधी अर्धं खोड, मग धाकटीचा फुटवा, मग उरलेलं खोड आणि सगळ्यात शेवटी वकील, हा त्यांचा क्रम. मी एकदा म्हटलं, "मला वकीलच आवडतो, त्याचंच आधी पाहू द्या की." ते म्हणाले, "लग्नाच्या आधी बारसं करता काय तुमी, भाऊ?"

इथपर्यंतचं सगळं नातेवाईक हसून सांगतात. पुढचं गेल्या महिन्यापर्यंत फक्त मला माहीत होतं, आणि ते बाळगून बाळगून मी थकलो होतो.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात सारं सासर मूलला जमणार होतं. साडभाऊंचा हात थरथरायचा, म्हणून त्यांनी क्रम मला बल्लारपूरला फोनवर सांगितला आणि मी तो लिहून नेला. पण त्याआधी मी उरलेलं खोड सोडून चोरून वकिलाची मालिका पाहून टाकली होती. लिहिताना हाताने माझाच क्रम लिहिला: वकील तिसरा, उरलेलं खोड चौथं. यादी भिंतीवर चिकटवली. बाराजण पाहायला बसलो. अर्धं खोड झालं, धाकटीही झाली, आणि वकिलाच्या पहिल्याच भागात जहागीरदार घराण्यातल्या थोरल्या सासूबाईंच्या फोटोला हार! खोडात तर ती अजून पापड लाटत होती.

"अवं माय! हे कवा मेली वं?" माझी मेहुणी ओरडली. घर हसून लोळलं. "साडभाऊचा सागवान उलटा रचला रे!"

साडभाऊ उठून यादीपाशी गेले, बोट ठेवून दोनदा वाचली. म्हणाले, "मीच सांगतलं असन." मी तोंडात सुपारी टाकली.

त्यांचे थोरले भाऊ म्हातारपणी सगळं विसरत गेले होते, शेवटी स्वतःचं नावसुद्धा. त्या दिवसापासून साडभाऊंना वाटू लागलं, आता आपली पाळी. कपाटाच्या चाव्या बायकोच्या हवाली केल्या. मालिका बंद. वर्तमानपत्र कुठूनही उघडू लागले. साडभाऊंच्या पत्नी मला म्हणाल्या, "काई विचारलं का म्हणते, मले नको विचारू, मी चुकतो." तरीही मी गप्पच.

गेल्या महिन्यात पॅसेंजर धरून मूलला गेलो आणि सगळं सांगितलं.

"म्हंजे माह्यं डोकं जाग्यावर हाय?"

"तुमचं होतंच. माझंच नव्हतं."

"मंग तीन वर्सं गप काऊन राह्यले, भाऊ?"

मी खिशातली सुपारी चाचपली. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अवं, चाव्या आण इकडं!" मग कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहा. आता पयल्यापासून पाहा लागते."

दर रविवारी जातो. दोघांचीही पंचाहत्तरी उलटली आहे; यादीच्या टोकाला कोण पोचेल, सांगता येत नाही. काल खोडाचा नववा भाग झाला. वकील अजून शाळेत आहे. मला घाई नाही.