रूथ येत नाही म्हणाली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — प्रार्थनेतसुद्धा नाही. देवाला ठाऊक आहेच, असं म्हणून टाळत आले.

माझे बाबा मुखेडच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक. सत्य एकच, कारण ख्रिस्त एकच, असं ते म्हणत. माझ्या धाकट्या बहिणीनं, रूथनं, रेणापूरच्या लिंगायत दुकानदाराशी लग्न केलं, तेव्हा त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पुढे ते अंथरुणाला खिळले. भरवणं, अंग पुसणं, सगळं मी करायची — आणि बाबा नाव कोणाचं घ्यायचे? रूथचं.

शेवटच्या दिवशी सकाळी म्हणाले, "रूथला बोलाव. माझं चुकलं म्हणावं."

मी फोन लावला. लावला, हे खरं. पण बोलले काय? "बाबांचं काही खरं नाही. पण तुझं तोंड बघायचं नाही म्हणतात." आणि दुपारी बाबांनी "रूथ आली का?" विचारलं, तेव्हा — "ती येत नाही म्हणाली." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळी गेले.

मग मी स्वतःची समजूत घातली — ज्याचं त्याचं खरं वेगळं असतं. आणि दर रविवारी मंडळीतल्या लेकरांना शिकवत राहिले, सत्य एकच!

परवा रेणापूरला रूथकडे गेले होते. बाबांचा विषय निघाला. मी म्हणून गेले, "त्यांचं खरं त्यांच्यापाशी, तुझं तुझ्यापाशी." चहा गाळता गाळता तिचा हात थांबला.

"न्हाई अक्का. खरं एकच हाय. मी त्या दिवशी आले होते."

मला ऐकूच येईना. काय म्हणाली ही?

"तुझा फोन आला तशी यष्टी धरली. खिडकीखाली उभी होते. बाबांनी इचारलं, तू काय सांगितलंस — समदं ऐकलं."

"मग आत का नाही आलीस?"

"आले असते तर तुझं खोटं त्यांना कळलं असतं. तुझ्याच हातानं पाणी पीत होते ते. तुझ्यावरचा भरवसा उडाला असता, तर मरताना त्यांनी कुणाचा हात धरावा?"

एवढी वर्षं — तिला ठाऊक होतं? दर नाताळला मला जेवायला बोलावत होती, तेव्हाही?

मी चहा प्याले. माफीचा शब्द तोंडातून निघाला नाही. उठले आणि मुखेडची गाडी धरली.

लेक खिडकीबाहेर उभी होती, आणि बाबा गेले ते तिनं आपल्याला टाकलं असं समजून. हे मी केलं.