दारावरचे हवालदार

आमचे हवालदार जुगाराच्या क्लबच्या दारावर बारा वर्षं बसले, पण पत्त्याला त्यांनी कधी हात लावला नाही. पायरीवर पडलेला पत्तासुद्धा ते काठीनं सरकवत. फौजेत लढाई पाहून आलेला माणूस, पण बदामाची राणी दिसली की तोंड फिरवायचा. आम्ही वेटर पोट धरून हसायचो.

क्लब सांगलीत, साल साठच्या पुढचं. मालकाला सगळे शेठ म्हणत. साताऱ्यापर्यंत त्याचे अड्डे, फौजदार त्याच्या खिशात आणि पदरी चार पैलवान. आम्हाला आठवड्याची सुट्टी नव्हती. माझं लग्न लागलं त्या संध्याकाळीही मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. ते बघून हवालदारांनी आम्हा अकरा जणांची युनियन काढली.

शेठ बेरकी. म्हणाला, "काढा की. अध्यक्ष मी होतो."

हवालदार म्हणाले, "मालकच अध्यक्ष झाल्यावर गाऱ्हाणं कुणाफुडं मांडायचं?"

आठवड्याच्या सुट्टीसाठी युनियनचा अर्ज मी लिहिला होता. दुसऱ्याच दिवशी पैलवानांनी मला बोळात गाठून माझा उजवा हात मोडला. कामावरूनही काढलं. बाकीचे गप्प झाले.

त्या दुपारी हवालदार फौजेतला जुना खाकी पोशाख इस्त्री करून, छातीवर बिल्ले लावून आले आणि क्लबसमोर खुर्ची टाकून बसले. घोषणा नाही, कुणाला अडवणं नाही. पण गिऱ्हाईक लांबून खाकी बघायचं आणि धाड पडली समजून सायकल वळवायचं. चौथ्या दिवसापर्यंत आमचे सगळे वेटर त्यांच्यामागं येऊन बसले होते.

मग थोरला पैलवान आला. "आवं हवालदार, उठा आता. लय झालं."

"मी फकस्त बसलोय. उचलायचं तर खुर्चीसकट उचल."

पैलवान त्या बिल्ल्यांकडे बघत राहिला आणि निघून गेला. त्याचा बापही फौजेत होता, हे नंतर कळलं.

नवव्या दिवशी शेठ नमला. सुट्टी मंजूर झाली, मलाही परत घेतलं. हात बरा झाल्यावर कामावर गेलो, तर दारावर दुसराच माणूस. हवालदारांनी नोकरी सोडायची, ही शेठची अट होती. त्यांनी ती आम्हाला सांगितलीच नव्हती. मला स्वतःची लाज वाटली.

पहिल्याच सुट्टीला मी एस.टी.नं वाईजवळच्या त्यांच्या गावी गेलो. ते म्हशीला वैरण टाकत होते. मला बघून दचकले.

"काम सोडून का आलास रं? परत काढतील."

"आज सुट्टी हाय माजी, हवालदार."

ते वैरण हातात धरून तसेच उभे राहिले. मग घराकडे तोंड करून बायकोला म्हणाले, "अगं, ऐकलंस का? याला आज सुट्टी हाय."