पितळी घंटेचा पुरावा

सातारच्या कोर्टात मी वकिली सुरू केली ती साठ सालानंतर, आणि पहिल्याच खटल्यात स्वतःच्या पक्षकाराला मी एकट्यानं, कुणाचीही मदत न घेता, तुरुंगात पाठवलं.

पक्षकार उंब्रजकडचा गुऱ्हाळवाला. आटपाडीकडचा एक मेंढका, वयानं पस्तिशीचा पण समजेनं सात वर्षांचा, उंब्रजच्या बाजारात आपल्या माणसांपासून चुकला. त्याला यानं गुऱ्हाळावर नेलं आणि तीन हंगाम डांबून, गुळाच्या चुलवाणात उसाची चिपाडं घालायला जुंपलं, असा आरोप. शेवटी त्याच्या बहिणीनं त्याला हुडकून काढलं. आरोपी सुटला तर ‘माझा माणूस’ म्हणून भावाला पुन्हा ओढून नेईल, या धास्तीनं ती प्रत्येक तारखेला त्याचा हात घट्ट धरून मागच्या बाकावर बसायची.

आमची बाजू भक्कम होती. गुऱ्हाळावरचे सगळे गडी शपथेवर सांगून गेले, “राजीखुशीनं राह्यला, घरच्यावाणी.” शेवटच्या तारखेला आमचे ज्येष्ठ वकील तापानं पडले. मला म्हणाले, “आता काही करू नकोस. फक्त गप्प उभा राहा. एवढं जमेल?”

मी मान डोलावली. जमलं नाही.

कारण आदल्या दिवशी पक्षकार मला म्हणाला होता, “आवं, लय जीव लावला त्याला. माज्या बैलाची घंटा काडून त्याच्या कमरंला बांधली.” आता मी बैलवाल्याच्या घरातला. सगळ्यात लाडक्या बैलालाच आमचे वडील पितळी घंटा घालायचे. आम्हा भावंडांपैकी कुणाला कधी काही मिळालं नव्हतं. मला भरूनच आलं. घंटा कमरेच्या पट्ट्यासकट मागवून घेतली. आईनं चिंच लावून अशी घासली की सोनं वाटावी.

कोर्टात मी ती वर धरली. “साहेब, हा प्रेमाचा पुरावा!” आणि खणखण वाजवली.

मागच्या बाकावरचा तो माणूस ताडकन उभा राहिला आणि घाबरून स्वतःची कंबर चाचपू लागला.

मॅजिस्ट्रेटांनी त्याच्याकडं पाहिलं, मग घंटेकडं. “पट्ट्याला ही कडी कशाला?”

“कुलपासाठी, साहेब,” मी म्हणालो. “घंटा पडू नये म्हणून.”

“किल्ली कुठं आहे?”

मी अभिमानानं पक्षकाराकडं वळलो. त्यानं करगोट्याची किल्ली ओढून दाखवली. “ही काय! जीव गेला तरी कुणाकडं देत न्हाई.”

“झोपताना तरी घंटा काढत होता?”

“छ्या, सायेब! मग ह्यो कुठवर गेला त्ये कळायचं कसं?”

मी घंटा घाईघाईनं टेबलाखाली लपवू लागलो. लपवताना ती आणखी मोठ्यानं वाजली.

एक वर्ष सक्तमजुरी. निकाल देताना मॅजिस्ट्रेटांनी बचाव पक्षाच्या वकिलांचे, म्हणजे माझे, सहकार्याबद्दल आभार मानले.

पक्षकार हवालदाराला म्हणाला, “सक्तमजुरी म्हंजे राबायचं? माजी राजीखुशी नसताना?”

“चल रं,” हवालदार म्हणाला, “घरच्यावाणी ठेवत्यात.”

बाहेर आवारात ती बहीण माझी वाट पाहत होती. मी तोंड चुकवून निघालो, तर आडवी आली आणि पाया पडायला वाकली. “वकीलसायेब, तुमी आमच्या बाजूनं हुबं ऱ्हायलासा म्हून भाऊ सुटला.” ओच्यातल्या भुईमुगाच्या शेंगा तिनं माझ्या हातात ओतल्या. मी कुणाचा वकील होतो हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि त्यात एक शेंगदाणा टाकला.

दोघं एस.टी. स्टँडकडं निघाली. भाऊ चार पावलं टाकी, थबके, कान देई.

“का थांबतोय तो?” मी विचारलं.

“वाजत न्हाई म्हून,” ती म्हणाली आणि त्याच्या पाठीत हलका धपका घातला. “चल की रं. आता हुडकायला कोन येतंय!”