शबानाचं पांढरं ब्लँकेट

हे मी कोणालेच सांगितलं नाई. नवऱ्याले नाई, पोरीले नाई. देवासमोर हात जोडतानाही हा विषय मी बाजूला सारते — देवाले काय माहीत नसन? पण तोंडातून काढाची हिंमत नाई. आज तुम्हाले सांगून राह्यली. तोंड वाकडं कराल, तं करा.

घुग्घुसले आमच्या कॉलनीतल्या बाया दुपारी जमून विणकाम करत. दूर देशात कुठी लढाई चालू, घरं पडलेली, लोक तंबूत राह्यतात, वरून बर्फ — तं त्यांच्या लेकराईसाठी स्वेटर, टोप्या, ब्लँकेटं. इथी आमचा उन्हानं जीव चालला अन् आम्ही घाम पुसत लोकर विणून राह्यलो! हसाल तुम्ही. पण लय बरं वाटे. आपण किती मोठ्या मनाच्या, असं वाटे. मले खरं म्हणजे तेवढंच पायजे होतं.

त्यात शबाना होती. तिच्या नवऱ्याचं बसस्टँडजवळ गाद्या-रजया भराचं दुकान. ती कॉलनीतली नव्हती, पण तिच्यासारखा हात आमच्यात एकीचाही नव्हता. तिनं मोबाइलवर तंबूतलं एक तान्हं लेकरू पाह्यलं होतं, उघडं, थंडीनं निळं पडलेलं. ते तिच्या डोक्यातून जातच नव्हतं. त्याच्यासाठी म्हणून तिनं एकटीनं एक ब्लँकेट विणलं, पांढरंशुभ्र, कडेले निळी वेल. रोजे चालू होते तरी ती विणत बसे.

पाठवाच्या आधी सगळं धुवाचं काम माह्याकडे होतं. आता घुग्घुसच्या कोणत्याही बाईले विचारा — पांढरा कपडा बाहेर वाळत घालते का कोणी? खाणीची धूळ, सिमेंटची धूळ, कोळशाचे ट्रक. आम्ही घरातच दोरी बांधतो अन् पंखा लावतो. मले काय माहीत नव्हतं? पण त्या दिवशी गडचिरोलीले बहिणीच्या सुनेचं डोहाळजेवण, बस पकडाची घाई. लवकर वाळन म्हणून ओलं ब्लँकेट गच्चीवर टाकलं अन् गेली. वापस येऊन पाह्यते तं — अव माय! धूळ बसून त्याचा चिखल झालेला. पुन्हा धुतलं, घासलं, पण तो राखुंडी रंग काही गेला नाई.

तेव्हाच बोलाचं होतं न मंग? "बाई, माही चूक झाली" — एवढंच तं म्हणाचं होतं. काऊन नाई म्हटलं मी?

दुसऱ्या दिवशी सगळ्या जमल्या. सामान न्यायची गाडी येणार होती. एकीनं ते ब्लँकेट उचललं अन् नाक मुरडलं. मी चूप राह्यली असती तरी एक वेळ ठीक होतं. पण मी म्हटलं, "मी लय घासलं, मळ निघतच नाई. त्यांच्या घरी तसंच चालते."

त्यांच्या घरी! ज्या घरी ईदले बसून मी शिरखुर्मा खाल्ला अन् आणखी पायजे म्हणून वाटी पुढं केली. थू माह्या तोंडावर.

अन् बाया? एकीलेही खोटं वाटलं नाई. दोघी-तिघींनी तं अशा माना हलवल्या, जसं त्यांना आधीपासूनच माहीत होतं. मी काय बोलली म्हणजे त्या मानतील, हे मले बरोबर माहीत होतं — तीच तं घाण.

शबाना माह्याकडे पाहत होती. "ताई, मी तं सफेद देलं होतं न तुम्हाले," एवढंच म्हणाली. भांडली नाई. मी लोकरीच्या गुंड्यात तोंड घालून बसली. तिनं सुया पिशवीत टाकल्या, चपला घातल्या अन् गेली. थांब म्हणून कोणी म्हटलं नाई. त्यानंतर ती कधी आली नाई.

मंग आम्ही खोक्यांसोबत फोटो काढला. मधात मी, दात काढून.

ते ब्लँकेट गेलंच नाई. जिच्या डोक्यात ते लेकरू होतं, तिचंच तेवढं मागं राह्यलं. फेकते म्हणून मीच घरी आणलं. फेकलं नाई. हिवाळ्यात इकडे जंगलाकडून गारठा सुटला की मी तेच पांघरते. लय गरम आहे. झोपही चांगली लागते मले.