एर्लेची नऊ पानं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट माहीत नाही.

आठवीत माझी शाळा सुटली. तरी इथे, हायडेलबर्गला, मीनलताईंनी मला त्यांच्या संशोधनात मदतीला घेतलं. ते उपकार कसे विसरू? काम साधं. नदीकाठच्या एर्ले नावाच्या झाडांची पानं आणायची. पानाच्या आत, पापुद्र्याखाली, बारीक अळी राहते. वसंतात तिचा पतंग होऊन बाहेर येतो. एक पान, एक बरणी.

अळी कुठल्या जातीची, ते हेर लोमान, म्हणजे लोमानसाहेब, सांगायचे. निवृत्त पोस्टमन, हौसेने येणारे. पान ताजं असताना खालची बाजू भिंगातून बघायची — एकच ठळक घडी आहे, की बऱ्याच बारीक सुरकुत्या — आणि बरणीवर नाव लिहायचं. "फ्राउ सुरेखा, मी पण शाळेत फार टिकलो नाही," म्हणायचे. "पत्ता वाचता आला की झालं!" मला किती धीर यायचा त्याने.

हिवाळ्यात बरण्यांना बुरशी धरली. एकेक बरणी रिकामी करून पुसायची, असं ताईंनी बजावलं होतं. मी — लवकर उरकावं म्हणून — नऊ पानं एकदम कागदावर काढली. त्यात भर म्हणून खिडकी उघडली. पुढचं सांगायला हवं? उडाली. काळी पडलेली, सगळी सारखीच. अंदाजाने भरली मी. झाकणं लावली.

वसंतात सहा बरण्यांतून वर लिहिलेल्या नावापेक्षा भलतेच पतंग निघाले.

हेर लोमान एकेक बरणी उजेडात धरून बघत राहिले. ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "वय झालंय गं त्यांचं." मी मान हलवली. हो — हलवली.

शेवटी तेच हसले. "जाऊ द्या. डोळे गेले माझे." गळ्यातलं भिंग काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "तुमचे चांगले आहेत."

ते परत आले नाहीत. आता बरण्यांवर नावं मी लिहिते. एकदा ते ट्राममध्ये दिसले, तर मी मधल्याच स्टॉपवर उतरले.

नोकरी जाईल, ही भीती होती का? होती. पण ते भिंग दोन्ही हातांनी घेताना मनात भीती नव्हती, लाजही नव्हती. सुटले बाई — एवढंच वाटलं होतं.