स्थानिक माहितगार

टोरोंटोच्या परिषदेत मला पेपर वाचायचा होता, आणि हे सोबत येणार म्हणून घरात माझ्यापेक्षा यांचीच तयारी जास्त चालली होती. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. हे शिवडीच्या एका गोदामात कारकून होते, आता निवृत्त. दोघांचाही हा पहिलाच परदेशप्रवास.

दुबईला विमान बदललं, त्यानंतर चौदा तास बसायचं होतं. जेवणं झाली. बाहेर लख्ख ऊन. समोरच्या पडद्यावरच्या सिनेमाला कंटाळून यांनी माझा पेपर मागितला.

"तुम्हाला त्यात काही कळायचं नाही," मी पटकन बोलून गेले.

हे चिडले नाहीत. चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून तासभर वाचत बसले. मग विचारलं, "हे लोकल इन्फॉर्मंट कोण?"

"म्हणजे स्थानिक माहितगार. आई."

"आपली आई?"

लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. लालबागची दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझा शिवडीच्या खाडीतल्या खारफुटीचा अभ्यास नुकताच सुरू झाला होता. रविवारी हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्याबरोबर चिखलात उतरायचे. घरी बरण्या ओट्यावर मांडल्या की सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "ह्यो चिखल घरात कित्याक हाडलंस गो?"

त्यांचं माहेर मालवणकडच्या खाडीकाठचं. एकदा मी अडले होते. रोपं लहान, फुलं नाहीत, कोणतं कशाचं ते पुस्तकावरून ठरेना. सासूबाई भाजी निवडायची टाकून माझ्याजवळ येऊन बसल्या. एक पान उचललं आणि चक्क जिभेला लावलं.

"ह्यां तिवराचा पान. चाटून बघ, मीठ लागता."

मी चाटलं. खरंच खारट. मग त्यांनी एकेक पान हातात घेऊन, वास घेऊन, मोडून बघून वर्तमानपत्रावर तीन ढीग केले. तिवर, कांदळ, चिपी. पुढे फुलं आल्यावर मी ताडून पाहिलं. एकही पान चुकलेलं नव्हतं. त्यानंतर दर रविवारी, आमची वाट बघत, त्या आधीच वर्तमानपत्र पसरून ठेवायच्या.

"आई लोकल इन्फॉर्मंट!" हे एवढ्या मोठ्यानं हसले की पलीकडच्या बाई दचकल्या. मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

"पेपरात तशीच पद्धत असते," मी म्हटलं. मला लाज वाटत होती.

"असेल. पण पानं तिनं चाटली होती गं."

मी लॅपटॉप उघडला. आभाराच्या पानावर माझ्या गाईडचं, प्रयोगशाळेचं, कॉलेजचं, अशी सगळ्यांची नावं होती. त्यांच्याखाली जागा केली.

"माहेरचं नाव घालू की सासरचं?"

यांनी चष्मा पुन्हा लावला. "माहेरचं. तिवर तिला तिथेच कळलं."

ते नाव इंग्रजीत कधी कुणी लिहिलंच नव्हतं. स्पेलिंगवरून आम्ही अर्धा तास वाद घातला आणि शेवटी यांनी सांगितलं तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा नंबर आला. बारा मिनिटं. शेवटी ते नाव मी सावकाश वाचलं. प्रश्न एकच आला, तोही आलेखावर. सासूबाईंबद्दल कुणी काही विचारलं नाही. शेवटच्या रांगेतून यांनी पडद्याचा फोटो काढला, तो हलला, तरी घरच्या ग्रुपवर टाकला. रात्री, तिकडे सकाळ झाल्यावर, मालवणहून ताईंचा, माझ्या नणंदेचा, फोन.

"आयेचा नाव थंय लावल्यानी?" एवढंच त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

हॉटेलच्या खोलीत आम्ही दोघं सासूबाईंनी सांगितलेली नावं आठवत बसलो. मी वहीत उतरवून घेत होते. यांनाच जास्त आठवत होती. एक मात्र दोघांनाही आठवेना. काटेरी पानांचं, जांभळ्या फुलांचं ते झुडूप. पुस्तकात त्याला मारांडी म्हणतात, पण सासूबाई दुसरंच काहीतरी म्हणायच्या.

"ताईला विचारू," हे म्हणाले आणि लगेच फोन लावला. ताईंनाही ते माहीत नव्हतं.