कमलला जे सांगितलं नाही

कमल गेल्याला महिना झाला. घरून ऑफिसात निरोप आला तेव्हा मी एका फायलीवर सही करत होतो. ती सही पुरी करून मगच उठलो. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. पण आमच्या गावाहून, उमरेडहून भेटायला आलेला जो तो हेच म्हणाला, "शेवटी त्या रोगानंच नेलं पोरीले." मी मान खाली घालून ऐकत राहिलो. कमलला कॅन्सर कधीच नव्हता, हे माहीत असलेला आता मी एकटाच उरलो आहे...

पासष्ट-सहासष्टची गोष्ट. माझी ही धाकटी बहीण अठराची झाली तरी तिला पाळी आली नव्हती. बाबांनी तिला नागपूरच्या दवाखान्यात आणलं. मी कॉलेजात शिकलेला, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं. काही मुलांची घडण आईच्या पोटातच वेगळी होते. कमलला गर्भाशय नाही, आत पुरुषांत असतात तशा ग्रंथी आहेत, पुढे त्रास नको म्हणून त्या काढू. "ती मुलगी म्हणून वाढली, मुलगीच आहे. यात कुणाचा दोष नाही. मात्र तिला खरं सांगा, हळूहळू सांगा." बाबा ऐकून भिंतीला टेकले. म्हणाले, "तिले काही सांगू नोको गा. गावात तोंड दाखवाले जागा राहनार नाही." त्यांच्यावर कशाला ढकलू? लाज मलाही वाटली होती.

ऑपरेशननंतर कमलने विचारलं, "काय काढलं गा दादा?"

"गाठ."

"वाईट होती का?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यानंतर सगळं सोपं झालं. स्थळ आलं की तीच नको म्हणायची, आणि आम्ही मनातून सुटायचो.

माझ्या लग्नानंतर ती आमच्याकडे नागपूरजवळच्या वाडीला राहायला आली. माझ्या मुलीची झबली तिनंच शिवली, पण तिला मांडीवर कधी घेतलं नाही. "लेकराले लागन गा माझं," म्हणायची. तो रोग असा लागत नाही, एवढं तरी सांगता आलं असतं... पण एकदा तोंड उघडलं तर पुढचंही सांगावं लागेल, या भीतीनं गप्प बसलो.

परवा मुलीने विचारलं, "बाबा, आत्याचं ताट आपल्या ताटांत ठेवू का?" खिडकीशी ते एकटंच पालथं होतं. तिनं उचललं, कडेवर कोरलेलं कमलचं नाव वाचलं आणि म्हणाली, "आत्यानंच घालून घेतलं असेल ना?" मी हो म्हणालो. ते नाव मी घालून घेतलं होतं. चुकून दुसऱ्या कुणी त्यात जेवू नये म्हणून, भांड्यांच्या दुकानात स्वतः उभा राहून.